काठीचं पुढचं टोक

९ सप्टेंबर, मंगळवार

वहीच्या मागच्या पानांवर आकडे लिहायचे. किती किलोमीटर, किती मिनिटं. ते नंदकिशोर काकांना वाचून दाखवायचे. पुढची पानं माझी. ती कोणाला दाखवायची नाहीत, आणि काकांना दाखवून उपयोगच नाही, त्यांना दिसत नाही.

सुरुवातीपासून लिहितो, नाहीतर विसरेन. गेल्या बुधवारी साकीनाक्याच्या गोडाऊनमधून मुलुंड पूर्वेचं एक पार्सल घेऊन गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दार उघडलं ते पन्नाशीच्या गृहस्थांनी. हेच नंदकिशोर काका, हाफ पँट, नजर माझ्या खांद्याच्या वर कुठेतरी. म्हणाले, "बूट असतील. फोड जरा. रंग कुठला पाठवलाय?"

मी म्हणालो केशरी. मग वाटलं, केशरी नाही. म्हणालो, "पपई अर्धी पिकली की आतून कशी असते, तसा. टाचेकडे हिरवट. पिकायला अजून दोन दिवस लागतील."

ते मग म्हणाले, "जिन्यात काय काय आहे रे?" आता हा काय प्रश्न झाला. पण मी सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर मनीप्लँटची वेल मीटरच्या पेटीत शिरलीय, तिथेच एक लहान सायकल आहे तिला एकच पेडल. पाऊण तास गेला. अकरा पार्सलं उशिरा पोचली आणि सुपरवायझरने माझा पार उद्धार केला.

निघताना त्यांनी विचारलं, "पळतोस का?"

"कुत्रं मागे लागलं की."

"मग रविवारी ये. कुत्र्याचं मी बघतो."

तर भानगड अशी. शहापूरच्या पुढे सोळा नोव्हेंबरला अर्धी मॅरेथॉन आहे. रस्त्यावरची नाही, डोंगर, जंगल, शेतं, पायवाट. एकवीस किलोमीटर. काकांनी रस्त्यावरच्या चार केल्यात, पण पायवाटेवर न दिसणाऱ्याला कोण घेणार. आयोजक राजेश म्हणून आहे, तो दोन वर्षं नाही म्हणत होता. आता म्हणाला, यंदा या. चार तासांत पोचलात तर पुढच्या वर्षीपासून तुमच्यासारख्यांना नोंदणी उघडतो. नाही पोचलात तर हा विषय परत काढायचा नाही. काकांच्या ओळखीचे असे सहा जण आहेत, सगळे फोनवर विचारतायत, काय झालं, काय झालं.

पळायला सोबत डोळस माणूस लागतो. आधीचे तीन सोडून गेले म्हणे.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्यान व्हायचा नाय. बारावी अर्धी, आयटीआय अर्धा, तबलो अर्धो. आता ह्या काय नवीन?" आजोबा गिरणीत चौतीस वर्षं एकाच साच्यावर, म्हणजे मागावर, उभे होते. ते गेले आणि तेराव्याला मी झालो, म्हणून त्यांचं नाव मला. लवू. या वयाचा लवू अख्ख्या घाटकोपरात दुसरा नसेल. आई म्हणते, नाव फुकट गेलं.

१४ सप्टेंबर, रविवार

मागे लिहिलं: ६ किमी, ५८ मिनिटं. त्यात खरं पळणं किती ते लिहिलं नाही.

रस्त्यावर दोघांच्या मनगटात एक दोरी असते. काकांच्या बायकोने, नीलाकाकूंनी, जुन्या साड्यांच्या काठांची वळून दिलीय. पायवाटेवर दोघं बाजूबाजूला मावत नाहीत, म्हणून वेताची काठी. पुढचं टोक माझ्या हातात मागे धरलेलं, मागचं काकांच्या. मी बोलत राहायचं. दगड, मूळ, चढ, खड्डा.

गोची ही की मला डावं-उजवं पटकन कळत नाही. लहानपणापासून. मी "डावीकडे" म्हणालो आणि स्वतः उजवीकडे वळलो. काका करवंदीच्या जाळीत. बाहेर आले, हाताला काटे, आणि शांतपणे विचारलं, "जेवतोस कुठल्या हाताने?"

"ह्या."

"ह्या म्हणजे मला दिसला का रे? घड्याळ कुठल्या हाताला बांधतोस?"

"दुसऱ्या."

"मग झालं. जेवण आणि घड्याळ. डावं-उजवं आजपासून बंद."

परत येताना एकदाही चुकलो नाही. जेवण, दगड. घड्याळ, फांदी, डोकं खाली. मागून येणाऱ्या एका बाईंना वाटलं आम्ही हॉटेल शोधतोय.

२१ सप्टेंबर, रविवार

९ किमी. माझी पिंढरी गेली.

एक खोड लक्षात आली. मी गप्प झालो की काका अस्वस्थ होतात. "काय झालं? झोपलास का?" मी म्हटलं, रस्ता सपाट आहे, सांगण्यासारखं काही नाही. "सपाट रस्त्याला आजूबाजू नसते का?" मग मी सांगितलं, तेरड्याची फुलं आहेत, एका दगडावर खेकडा वाळून पडलाय, वरच्या झाडात कोणाचा तरी पतंग अडकलाय. भीती वाटत असणार बिचाऱ्यांना, आवाज असला की धीर येतो.

नंतर घरी पोहे. मी काकूंना विचारलं, आधीच्या तिघांनी का सोडलं. एक डॉक्टर होता, एक तर दरवर्षी मोठी मॅरेथॉन करणारा. काकू म्हणाल्या, "त्यांनी कुठे सोडलं? यांनीच सोडलं त्यांना. छान पळायची रे मुलं. पण हे म्हणायचे कंटाळा येतो."

पळताना कसला कंटाळा. धाप लागलेली असते. मोठ्या लोकांचं काही कळत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

मागच्या पानावर आज काही लिहिलं नाही.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलो होतो. बारा करायचे होते. सात झाले, पाणी प्यायला कट्ट्यावर बसलो. समोरून एक घोरपड गेली. खरी, हातभर, शेपूट घासत, पोलिसासारखी सावकाश. मी म्हणालो, "काका, पाच मिनिटं, आलोच." तिच्यामागे गेलो. ती बिळात शिरली, मी बाहेर पडायची वाट बघत बसलो. मग तिथे एक म्हातारा टाकळ्याच्या शेंगा गोळा करत होता, त्याच्याशी बोललो. परत आलो तर कट्ट्यावर कोणी नाही. घड्याळ बघितलं, पन्नास मिनिटं.

काका बऱ्याच पुढे सापडले. माकडांनी पिशवी ओढली, तिच्यात फोन. ते काठी घेऊन आवाजाच्या मागे गेले आणि गटारात पाय गेला. नडगी फुटली होती. मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "उशीर झाला त्याचं नाही रे. मी इतका वेळ हाका मारत होतो. त्या दिशेला कोणीच नाही हे मला कळलं नाही, त्याचं वाटतं."

रिक्षाने घरी आणलं. दारात नीलाकाकूंनी पाय बघितला, मला बघितलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तू जा आता."

१२ ऑक्टोबर, रविवार

गेलो नाही. बोलावलंही नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी टाकली आणि वर्सोव्याला गेलो. फेरीबोटीने पलीकडे मढला, परत अलीकडे, असं तीनदा. तिकीटवाला विचारायला लागला, काही हरवलंय का.

तिथे बोंबील वाळत घातले होते. नुसते दोरीवर टाकत नाहीत. एका बोंबलाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवतात आणि जोडी दोरीवर टाकतात, एक इकडे, एक तिकडे. त्यामुळे कितीही वारा आला तरी पडत नाहीत. हजारो जोड्या होत्या, पारदर्शक, उन्हात आतला काटा दिसत होता. मी "काका, हे बघा" म्हणालो. मोठ्याने. एक कोळीण वळून बघायला लागली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी मुलुंडला गेलो. जिन्यात अर्धा तास उभा होतो. सायकलीला दुसरं पेडल बसवलंय.

काकांनीच दार उघडलं. "लवू ना? चप्पल घासत चालतोस, दुसऱ्या मजल्यापासून ऐकतोय. वर यायचं का नाही ते ठरत नव्हतं वाटतं. कुठे होतास?"

"वर्सोव्याला."

"काय होतं?"

बोंबलांचं सांगितलं. जोडीचं, काट्याचं, सगळं. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "रविवारी पाच वाजता."

नीलाकाकू आतून आल्या. त्या काही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एक ऐक. काठीचं पुढचं टोक सोडायचं नाही. घोरपड दिसली, वाघ दिसला, लघवीला लागली, तरी नाही. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी चहा टाकते, पी आणि जा. राग नाही."

मी म्हणालो जमेल. चहा तरी मिळाला.

२ नोव्हेंबर, रविवार

१६ किमी, दोन तास ४१.

काठी सोडली नाही. हाताला आता तिथेच घट्टा पडलाय, मधल्या बोटाखाली. पाऊस गेला एकदाचा, गवत पिवळं पडायला लागलंय, आणि पायाखाली माती वाजते. काका म्हणतात आवाजावरून त्यांना कळतं, ओली, भुसभुशीत, मुरमाड. मी म्हणालो मला पण शिकवा. दोनशे पावलं डोळे मिटून पळालो. दोघंही आंधळे, वाट लागली असती. काकांना सांगितल्यावर त्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग विचारलं, "काय कळलं?"

"मुरमाड होती."

"बरोबर," म्हणाले.

९ नोव्हेंबर, रविवार

डोंगरात पूर्ण २१. तीन तास ३६. म्हणजे होणार. चोवीस मिनिटं हातात आहेत.

आज आई साडेतीनला उठली होती आणि नाचण्याची आंबील करून ठेवलेली. तिला पित्त झालं असणार, झोप लागत नसेल. मी पिऊन निघालो. गेले तीन रविवार असंच चाललंय तिचं, डॉक्टरला दाखवायला हवं.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरी आलो. पाय बादलीत आहेत. सगळं आजच लिहितो.

साडेसहाला गावच्या शाळेच्या मैदानातून सुटलो. दोनशेच्या वर माणसं. राजेशने माईकवरून सांगितलं, जिथे वळण आहे तिथे फांदीला लाल फीत बांधलीय, लाल दिसली की तुम्ही बरोबर. राजेश चाळिशीचा, शिडशिडीत. काकांशी हात मिळवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्यांना सांभाळ." काका म्हणाले, "उलटं आहे ते."

पहिले दहा झकास. भात कापून झालेला, खळ्यावर भारे रचलेले. दव इतकं की बूट भिजले. मी सांगत होतो, काका मागून "हं, हं" करत होते. बांध आला की "उडी", मग दोघांचे पाय एकदम पडायचे. माणसं मागे पडत होती. एकाला तर काका म्हणाले, "जरा बाजू द्या हो, मला दिसत नाही." तो असा घाबरून झाला बाजूला.

तेरा किलोमीटरला दोन तास चौदा. मग सागाचं जंगल. मी फिती बघत होतो, शप्पथ. एक दिसली, वळलो. पुढे दुसरी. मग लागोपाठ चार-पाच. मला वाटलं, व्वा, इथे चुकण्यासारखं असणार म्हणून जास्त बांधल्यात. चढ होता. मी काकांना सांगत होतो की सागाची पानं किती मोठी आहेत, एकात आख्खं जेवण मावेल.

काका थांबले. काठी ताणली गेली.

"लवू. खोबरेल जळल्याचा वास येतोय. शर्यतीत दिवा कोण लावतं?"

मी वर बघितलं. समोर मोठं झाड, खाली शेंदूर लावलेले तीन दगड, पणती. आणि झाडाला लाल कपडा. शंभर, दोनशे, किती कोण जाणे. नवसाच्या चिंध्या. लोक नवस बोलतात आणि बांधतात. फांदीफांदीला, आणि खाली वाटेवर झाडांना पण. मी देवाच्या मागे दीड किलोमीटर वर आलो होतो.

कसं सांगू काय वाटलं. चूक झाली की माझे पाय आपोआप निघतात. आयटीआयमध्ये ड्रिलचं बिट तुटलं तेव्हा मी दप्तर पण घेतलं नव्हतं. आत्ताही डोक्यात पहिलं हेच आलं, काकांना इथे दगडावर बसवतो, धावत खाली जातो, वाट शोधून येतो. एकटा दहा मिनिटांत आलो असतो. तोंडात आलं होतं, "काका, पाच मिनिटं." काठीवरचा हात सैल पण झाला. ते काकांना कळलं असणार, काठीतून सगळं कळतं. पण ते नुसते उभे राहिले.

मी परत धरली. म्हणालो, "मी चुकलो. नवसाची फडकी बघून आलो. आता तुम्ही सांगा."

"येताना पाणी वाजत होतं. कुठल्या हाताला?"

"घड्याळाच्या."

"मग आता जेवणाच्या हाताला ठेव. आणि सागाची पानं पायाखाली कुरकुरायची थांबली की ओरड. ती सुरू झाली तिथेच तू वळलास. मला तेव्हाच विचारायला हवं होतं. मी तुझं पानातलं जेवण ऐकत बसलो."

उतारावर आम्ही असे कधी पळालो नव्हतो. मी फक्त शब्द टाकत होतो, दगड, दगड, घड्याळ, मूळ, उडी, जेवण. काका एकदा पडले, गुडघ्यावर. मी थांबलो तर म्हणाले, "बघू नकोस, चल." खालून गॉगल लावलेले दोन तरुण वर येताना भेटले, चांगले महागाच्या बुटातले. "भाऊ, फिनिश इकडेच ना?"

काका म्हणाले, "इकडे देव आहे. फिनिश मागे."

ते काकांचे डोळे बघायला लागले, मग काठी, मग एकमेकांना. आणि आमच्या मागे लागले. पानं थांबली तिथे खरंच डावीकडे, म्हणजे घड्याळाकडे, एक फीत होती. एकच. सुटल्यासारखी लोंबत.

पावणेतीन तास होत आले होते. सात किलोमीटर आणि वर काहीतरी. मी कुठेच बघितलं नाही. उजवीकडे पाणी होतं, त्यात काहीतरी पांढरं उभं होतं, बगळा असेल, करकोचा असेल, मी सांगितलं पण नाही. काका दोनदा म्हणाले, "बोल रे." मी म्हणालो, "दगड." शेवटच्या शेतात माझ्या पोटात पीळ आला. काका मागून काठी ढकलायला लागले. म्हणजे पुढच्या टोकाला मी आणि पळवत होते ते.

मैदानात शिरलो. घड्याळ मोठ्या लाल आकड्यांत होतं. मी वाचून दाखवलं नाही. काकांनी विचारलं, "किती?"

"चार-तीन."

तीन मिनिटं.

मी खाली बसलो. राजेश आला, त्याच्या हातात यादी. ते गॉगलवाले दोघं मागून आले आणि धापा टाकत त्याच्यावरच चढले, कसल्या फिती बांधल्यात, हे काका नसते तर आम्ही देवळातच बसलो असतो. कळलं की अजून सतरा जण आत चुकलेले आहेत. सगळे डोळस. राजेशचा चेहरा उतरला. मग तो काकांजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "सर, मी तीन-एकोणसाठ लिहितो. चूक आमची आहे."

काका म्हणाले, "चार-तीन झालेत. चार-तीन लिही."

"अहो पण मग..."

"आणि फिती बदल. त्या डोंगरावर लाल रंग आधीपासून दुसऱ्याच्या कामाला लागलाय. पुढच्या वर्षी पिवळ्या लाव."

राजेशने यादीवर काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होता. मग म्हणाला, "पिवळ्या गवतात दिसणार नाहीत. निळ्या लावू?"

"ते तुला ठाऊक. मला काय विचारतोस?"

राजेश हसला. काका हसले नाहीत. गुडघ्यावरची माती झाडत म्हणाले, "सहा जणांची नावं मंगळवारी पाठवतो."

"पाठवा," राजेश म्हणाला.

काठी माझ्याच हातात होती. नीलाकाकूंनी येऊन सोडवून घेतली तेव्हा बोटं उघडत नव्हती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आईने विचारलं, "पुरा केलंस?" म्हटलं, केलं, तीन मिनिटं उशीर. "उशिराचा कोण इचारता," म्हणाली. पदक पितळेचं आहे का बघायला चिंचेने घासलं, अर्धा रंग गेला. मग पुसून, कागदात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात ठेवलं. त्या डब्यात माझं बारावीचं हॉल तिकीट आहे. ते तिने कशाला ठेवलंय.

कामावरून सुटल्यावर मुलुंडला गेलो. मी ठरवूनच गेलो होतो, बोलून दाखवलं पण. काका, पुढच्या वर्षी मी नुसती वाट बघणार. इकडेतिकडे नाही. पानं नाही, पक्षी नाही. तोंडातून फक्त दगड आणि मूळ. मी बडबडत होतो म्हणूनच ती तीन मिनिटं गेली.

नीलाकाकू काकांकडे बघायला लागल्या. काका म्हणाले, "ते नंतर बघू. त्या झाडाला काय काय बांधलं होतं?"

मी म्हणालो, लाल फडकी.

"नुसती फडकी? तू तिथे मिनिटभर उभा होतास. नीट सांग."

मग आठवेल ते सगळं सांगावं लागलं. काही फडकी नवी, काही धुऊन धुऊन गुलाबी झालेली, काहींचा नुसता दोरा राहिलेला. एक लाकडी पाळणा, तळहाताएवढा. हिरव्या बांगड्या, एका फांदीत ओवलेल्या, फांदी जाड झाल्यामुळे आता निघणार नाहीत अशा. कोणाचं तरी परीक्षेचं हॉल तिकीट, प्लास्टिकमध्ये घालून. आणि पणतीजवळ एक सरडा, घंटेच्या सावलीत, आमच्याकडे बघत होता. काका डोळे मिटून ऐकत होते. संपलं तर म्हणाले, "बांगड्यांचं परत सांग."

दोनदा सांगायला लावलं. बहुतेक अजून राग गेलेला नाही. रविवारी पाच वाजता बोलावलंय.